चिमणी पडली की फांदी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती लोक आणि नशीब यावरचा लेख वाचला. काल लिहिणार होते पण म्हटलं राग जरा उतरू दे, तो काही उतरला नाही म्हणून आज लिहितेय.

लेखकमहाशयांनी एका पॅरेग्राफात निकाल लावलाय की ख्रिस्ती माणूसही शेवटी "आपल्यासारखाच" कपाळावरचं लिहिलेलं मानतो, फक्त त्याला पूर्वनियोजन म्हणतो (कोणाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होणार ते देवाने आधीच ठरवलंय), आणि हे सगळं कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाने काढलं. आता या "आपल्या"त मी आहे का नाही ते कळलं नाही, माझ्या चार पिढ्या पुण्यातच गेल्या, पण ते असो. कॅल्विन सोळाव्या शतकातला. सगळं देवाच्या कृपेवर म्हणणारा बिशप ऑगस्टीन आणि माणसाच्या इच्छेवर भर देणारा पेलागियस यांची याच मुद्द्यावर जुंपली ती पाचव्या शतकात, आणि पेलागियसची मतं कार्थेजच्या सभेने ४१८ साली चुकीची ठरवली, म्हणजे कॅल्विनच्या अकराशे वर्षं आधी. एवढं तरी बघून छापायचं.

आणि म्हणे सगळे प्रोटेस्टंट हेच मानतात! आमच्या घरी जेवायला यायला हवं होतं. वडील स्कॉटिश मिशनच्या मंडळीतले, म्हणजे कॅल्विनच्या वळणाचे प्रेस्बिटेरियन; आई मेथडिस्ट, म्हणजे निवड माणसाच्याही हातात आहे असं मानणारी. १९७० साली बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा वडिलांची मंडळी त्यात गेली आणि आईची बाहेर राहिली, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकी काही झाली नाही. दर रविवारी उपासनेहून आलं की मटणाच्या रश्श्यावर सुरू. वडील बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढायचे, याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच देवाने एकाला निवडलं. आई तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय काढायची, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. वडील म्हणायचे सर्व म्हणजे सर्व प्रकारची माणसं. त्यावर आई एकदा पातेलं घेऊन उठली आणि म्हणाली, मग मीपण रस्सा सर्वांना वाढते म्हणजे सर्व प्रकारच्यांना वाढते, तुमच्या प्रकारचा एक वाढून झालाय. वडील हसले, पण मुद्दा सोडला नाही. तीच आई मेथडिस्ट पंथ उभा करणारा वेस्ली आणि पूर्वनियोजन मानणारा व्हाइटफील्ड यांचं सांगायची, याच मुद्द्यावरून दोघा मित्रांचं फाटलं, पण १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्यासाठी लंडनमध्ये प्रवचन वेस्लीनेच केलं. भांडण असावं तर असं.

हे सगळं मी सहनही केलं असतं, पण लेखाच्या शेवटी जे लिहिलंय की या श्रद्धेमुळे "दुःखात माणसाला आधार मिळतो" तिथे माझं डोकं फिरलं. कोणाला आधार मिळतो ते मी सांगते.

आमच्या चर्चच्या आवारात (नाव लिहीत नाही, उगाच तमाशा नको) गुलमोहराची एक फांदी पोकळ झालेली. खालीच दुचाक्या लावतात. मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला एक नाही तीन अर्ज दिले, तिसऱ्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, ती फांदी आली खाली, आणि खाली आमचे हे, गाडीचं स्टँड काढत होते. नडगीची दोन्ही हाडं. आत रॉड टाकला, अडीच महिने घरात. आठवड्याभराने कमिटीचे सेक्रेटरी साहेब मोसंबी घेऊन आले, पलंगाशेजारी बसले, डोळे मिटून प्रार्थना केली, चहा घेतला आणि म्हणाले, ताई, देवाने नेमलेलं चुकत नाही, त्याच्या इच्छेवाचून चिमणीसुद्धा जमिनीवर पडत नाही, मत्तय दहा एकोणतीस.

चिमणीचं मला मान्य आहे हो. चिमणीसाठी मी अर्ज दिला नव्हता.

वडील असते तर त्यांनी सेक्रेटरींना मोसंब्यांसकट परत पाठवलं असतं, आणि ते पक्के पूर्वनियोजनवाले! प्रेस्बिटेरियन लोकांची श्रद्धा मांडणारी वेस्टमिन्स्टरची विश्वासाची कबुली, १६४६ ची, त्यांची जवळजवळ पाठ होती. तिच्या तिसऱ्या प्रकरणात पहिल्याच कलमात लिहिलंय की देवाने सगळं ठरवलेलं असलं तरी तो पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही आणि दुय्यम कारणंही रद्द होत नाहीत. कुजलेली फांदी हे दुय्यम कारण. न वाचलेला अर्ज हेही. म्हणजे सगळ्यात कडक प्रेस्बिटेरियन माणसालासुद्धा या सिद्धांतावर हात झटकता येत नाहीत, आणि इथे काय, फी न भरता सुटका.

सव्वीस वर्षं संडे स्कूल घेतलंय मी. दरवर्षी बायबलमधलं निर्गम हे पुस्तक सुरू झालं की एक तरी पोरगं विचारतंच, टीचर, देवानेच फारोचं, त्या मिसरच्या राजाचं, मन कठीण केलं तर मग फारोची काय चूक? मी त्यांना नीट वाचायला लावते. आधी आठव्या अध्यायात फारो स्वतःच मन कठीण करतो, नवव्यात परमेश्वर करतो, दोन्ही लिहिलंय, आणि कोणतं आधी मोजायचं यावर मोठमोठे लोक भांडलेत. हाच प्रश्न रोमकरांसमध्ये पौल स्वतःच विचारतो आणि उत्तर म्हणून कुंभार आणि माती पुढे करतो, मातीने कुंभाराला जाब विचारायचा का म्हणून. एका वर्षी मुलांना कुंभारवाड्यात नेलं होतं. चाकावर एक मडकं वाकडं झालं तर त्या बाबांनी ते टाकून दिलं नाही, तोच गोळा परत दाबला आणि दुसरं काढलं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, कुंभार नेमकं हेच करतो, आणि तिथे देव म्हणतो की लोक फिरले तर मीही माझा बेत बदलेन. मग पौलाचा कुंभार यिर्मयाच्या कुंभाराकडे बघून वाचायचा की एकटा वाचायचा? मी आईच्या बाजूची आहे हे कळलंच असेल. पण यात अडण्यासारखं खूप आहे, ते तुमच्या लेखात कुठेय?

जाता जाता, लेखासोबत फोटो कुठल्या तरी परदेशातल्या गॉथिक चर्चचा. पुण्यात चर्चेस नाहीत का? एरवी आमची आठवण तुम्हाला डिसेंबरात होते, प्लम केकच्या रेसिपीपुरती, आणि त्यातही रम किती घालतात हेच विचारायला फोन.

फांदी पडल्यावर कमिटीने बाकीचं झाड तसंच ठेवलंय. दुसरी फांदी आता कमानीच्या बाजूला झुकलीय. परवा चौथा अर्ज दिला, पोच मागितली तर म्हणाले, मीटिंगमध्ये घेऊ.

आपली,
एक वाचक, पुणे कॅम्प

ता. क. : शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर तुम्ही परत छापलेलं नाही. आडवे शब्द १४.