'एकच काहीतरी धरा' हा सल्ला अर्धवट आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत करिअरबद्दल जे लेख येतात ते मी आवडीने वाचते, पण त्यात जवळपास दरवेळी एक सल्ला ठरलेला असतो, की एकच क्षेत्र निवडा आणि बाकीचे छंद बाजूला ठेवा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. कॉलेजात जाणारी मुलं हे वाचतात आणि त्यांचे आईवडील तर जास्तच मनावर घेतात, म्हणून याची दुसरी बाजू पण छापून यावी असं मला मनापासून वाटतं.

आपले दामोदर कोसंबी घ्या. मूळचा गणिताचा माणूस, १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र दिलं ते जेनेटिक्समध्ये आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. आणि याच माणसाने प्राचीन नाणी एकेक करून तराजूवर तोलली, हजारोंनी, कारण नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि ती झीज स्टॅटिस्टिक्सने नीट मोजली तर कुठली नाणी जास्त काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या इतिहासकाराला हे सुचणं अवघड होतं आणि नुसता गणिती नाण्यांच्या वाटेला गेलाच नसता. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांचं संपादन केलं ते वेगळंच.

दुसरा विल्यम हर्शेल. पेशाने संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा. पस्तिशीच्या सुमाराला आकाशाचं वेड लागलं, हवी तशी दुर्बीण मिळेना म्हणून धातूचे आरसे स्वतः ओतायला आणि घासायला शिकला, आणि १७८१ मध्ये त्याला युरेनस ग्रह सापडला. खरं तर तो ठिपका १६९० मध्येच एका खगोलशास्त्रज्ञाने पाहून तारा म्हणून नोंदवून ठेवला होता, पण हर्शेलच्या हातच्या आरशातून तो ठिपक्यासारखा न दिसता छोट्या चकतीसारखा दिसला, म्हणजे हा तारा नव्हे हे कळलं आणि तिथेच सगळं बदललं. त्याची बहीण कॅरोलाइन, ती गायची, तिनेही गणित शिकून घेतलं आणि पुढे स्वतः धूमकेतू शोधले.

आता कोणी म्हणेल ही सगळी थोर माणसं, आपलं काय. पण मला त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. हर्शेलने दुर्बीण हातात घेतली तेव्हा संगीत हातात इतकं बसलेलं होतं की त्यावर पोट चालत होतं. चिंध्या होतात त्या पुष्कळ गोष्टी शिकल्याने नाही होत, सगळ्या एकाच वेळी सुरू केल्याने आणि प्रत्येक गोष्ट एकाच जागी सोडल्याने होतात. ती जागा कुठली ते ज्याने काही शिकून पाहिलंय त्याला बरोबर माहीत असतं. मी चाळिशीनंतर जर्मन शिकायला घेतलं, सुरुवातीला रोज काहीतरी नवं कळतं, स्वतःची ओळख करून देता येते, भारी वाटतं, आणि मग एक टप्पा असा येतो की व्याकरण बऱ्यापैकी समजलंय, शब्द येतायत, पण कोणी नेहमीच्या स्पीडने बोललं की काही म्हणजे काही पकडता येत नाही आणि महिनोन्महिने आपण तिथेच आहोत असं वाटत राहतं. शिवणकामात तसंच, सरळ शिलाई पटकन जमते पण बाही खांद्याला नीट बसवायला फार दिवस जातात. प्रोग्रॅमिंगमध्ये दुसऱ्याचा कोड समजतो पण कोऱ्या स्क्रीनवर स्वतः काही लिहायचं म्हटलं की हात थांबतो. लोक सोडतात ते इथे, आणि नेमकं तेव्हाच नवं काहीतरी खुणावतं, कारण नव्या गोष्टीत पुन्हा ती पहिली सोपी प्रगती मिळणार असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हा मधला पट्टा पार होईपर्यंत दुसरं नवं घेऊ नये. पुढे ती गोष्ट थोड्याशा सरावावर टिकते आणि मग खुशाल पुढचं घ्यावं.

आणि मागे सुटलेलं वाया जातं हे पण खरं नाही. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, पण तेच पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि उजळणी एकदम न करता दिवस सोडून सोडून केली तर जास्त टिकते. ज्याला चार गोष्टी सांभाळायच्यात त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

फायदे वाढवून सांगणंही मला पटत नाही. बुद्धिबळ शिकलं की गणित आपोआप सुधारतं वगैरे जे म्हणतात ते तसं नसतं, थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं की एका गोष्टीचा सराव दुसरीत उतरतो तो दोन्हींत जेवढं सारखं आहे साधारण तेवढाच. कोसंबींचं स्टॅटिस्टिक्स नाण्यांना लागू पडलं कारण ते त्यांनी मुद्दाम, मेहनतीने तिथे नेलं.

वयाचं म्हणाल तर २००४ मध्ये तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकणाऱ्या तरुणांच्या मेंदूचे स्कॅन काढले होते, तीन महिन्यांत मेंदूच्या काही भागात वाढ दिसली आणि सराव थांबवल्यावर ती कमी झाली. नंतर साठीच्या आसपासच्या लोकांवर तसाच प्रयोग झाला, त्यातले तरुणांइतके लोक पटाईत झाले नाहीत हे खरं, पण मेंदूत बदल त्यांच्याही दिसला. म्हणजे वेळ जास्त लागतो, दार बंद होत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. साठी-सत्तरीत कोणी पदवी घेतली, वाद्य शिकलं की आपण हारतुरे घातलेला फोटो आणि 'या वयातही' असं हेडिंग देऊन बातमी छापता. कौतुक जरूर करा, पण त्याने वाचणाऱ्याला वाटतं हा कोणीतरी जगावेगळा माणूस आहे, हे आपलं काम नाही. त्यापेक्षा त्या माणसाला विचारा की रोज किती वेळ दिला, कधी दिला, कुठे अडकलात, कोणी शिकवलं, मध्ये सुटलं होतं का आणि पुन्हा कसं धरलं, आणि ते सविस्तर छापा. पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान यासाठी ठेवलंत तर लिहून पाठवणारे वाचक नक्की मिळतील, पहिल्या अंकासाठी मी स्वतः माझ्या जर्मनबद्दल लिहून द्यायला तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक