खाडा, पिशवी आणि लेकीची दहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. त्याआधी एका हिशेबाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आईने लेकीसाठी काय काय सोसले याचे कौतुक आपल्याकडे भरपूर होते. ऊसतोडीत हे सोसणे टनांत, दिवसांत आणि रुपयांत मोजता येते. एकदा मोजले की त्याला त्याग म्हणायला जीभ रेटत नाही.

मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचलीच्या कागदावर सही नवऱ्याची असते, बाईचे नाव त्यावर नसते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये ठरला, तोच धरू. चांगल्या फडात, म्हणजे उसाच्या रानात, एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, म्हणजे जोडीचे 732 रुपये. एक लाखाची उचल घेतली असेल आणि कारखाना 120 दिवस चालला, तर एकही दिवस न चुकता 87,840 रुपये फिटतात. 12,160 रुपये बाकी राहतात आणि ती बाकी पुढच्या हंगामाला बांधून घेते. 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि अनेक कारखाने मार्चच्या मध्याआधीच बंद झाले. म्हणजे 120 दिवसही हक्काचे नाहीत.

आता यात खाडा, म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, मिळवा. पाळी आली, अंगावरून जास्त गेले, उभे राहवेना म्हणून बाई कोपीत, म्हणजे झोपडीत, थांबली की कोयता मोडला. नवऱ्याने एकट्याने तोडायचे ठरवले तरी पाला सोलून मोळी बांधणारे कोणी नसते, त्यामुळे दिवस दोघांचाही जातो. वर दंड. काही टोळ्यांत तो 500 आहे, काही ठिकाणी 1000. महिन्याला तीन दिवस धरले तर चार महिन्यांत बारा खाडे होतात. 500 च्या हिशेबाने दंड 6,000 आणि बुडालेली तोड 8,784, एकूण 14,784 रुपये. वरच्या बाकीपेक्षा हा आकडा मोठा आहे. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचा निर्णय कुठून येतो ते इथे दिसते. बहुतेकदा बाईला कोणी उघड सक्ती केलेली नसते, तिने फक्त हिशेब केलेला असतो. तीस-चाळीस हजारांचे ऑपरेशन एकदा केले की दर महिन्याचा खाडा टळतो, बाकी आणखी फुगत नाही आणि थोरलीला कोयता धरावा लागत नाही.

2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे जे सर्वेक्षण आले, त्यात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या बहुतेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. आमच्या मते यातली पहिली चूक दवाखान्यात होत नाही, ती फडात होते. पहाटे तीन-चारला उठायचे, पाणी भरायचे, भाकरी बांधून घ्यायच्या आणि उजाडायच्या आत फडात पोहोचायचे. दिवसभर ना आडोसा ना पाणी. तेच कापड घामात, पाचटाच्या धुळीत आठ-दहा तास अंगाला असते. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते. त्यावर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे. फळी जेमतेम वीतभर रुंद, दव पडलेले असले की निसरडी. गाडी रात्री अकराला आली तर अकराला उठून भरायची. अशा बाईने दुखते म्हणून दवाखाना गाठला आणि तिथे 'पुढे कॅन्सर होईल, काढून टाका' एवढेच ऐकले, तर ती दुसरे काय करणार?

पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. आधी आतून तपासणी, संसर्गावर गोळ्यांचा पूर्ण कोर्स, आणि संसर्ग संबंधातून पसरणारा असेल तर तो नवऱ्यालाही, कारण एकट्या बाईने घेतला तर असा संसर्ग परत येतो. मग सोनोग्राफी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची भीती असेल तर ॲसिटिक ॲसिड लावून करायची साधी तपासणी तीस वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. रक्तस्राव जास्त असेल तर हॉर्मोनच्या गोळ्या आहेत, हॉर्मोनची तांबीही आहे. एवढे सगळे करून उपयोग झाला नाही तर ऑपरेशनचा विचार. पिशवीसोबत बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईला एकाएकी रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, कंबर धरते, अंगाची आग होते. खाडे टळावेत म्हणून ऑपरेशन केलेली बाई दोन-तीन हंगामांत मोळी उचलेनाशी होते आणि मग पुन्हा थोरलीचाच नंबर लागतो.

बीडमध्ये 2019 पासून खासगी दवाखान्याला पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. नियम चांगला आहे, पण तो जिल्ह्याच्या हद्दीत संपतो आणि ही बाई वर्षातले चार-पाच महिने सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर कर्नाटकात असते. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सांगितले. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली तर कारण नोंदवायचे, हे त्यात आहे. कारखाना असलेल्या प्रत्येक तालुक्यात ही नोंद होते का, हे आपल्या वार्ताहरांनी माहितीच्या अधिकारात विचारावे.

आता लेकीबद्दल. आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह गावातच असते, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, दोन वेळचे जेवण मिळते. कल्पना उत्तम आहे. बिघडते ते तारखेत. टोळी ऑक्टोबरमध्ये निघते, वसतिगृहाची मंजुरी आणि निधी त्यानंतर येतो. दरम्यान पोर आईबरोबर गेलेली असते. तिथे तिला शाळेत बसवायचे तर गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकाकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेने दाखल्याशिवाय वर्गात घ्यायचे असते आणि परतल्यावर वर्षही वाया जात नाही. पण फड बदलला की कोप्या हलतात आणि शाळा तीन-चार किलोमीटर लांब पडते. त्याहून मोठी अडचण पाळण्यातली आहे. कोपीवर अंगणवाडी किंवा पाळणाघर नसले की आठ-नऊ वर्षांची बहीणच धाकट्याला सांभाळते. तीच तीन दगडांच्या चुलीवर भात टाकते, तीच हापशावरून कळशी आणते. थोरलीला शाळेत पाठवायचे असेल तर आधी धाकट्याची सोय लागते. योजनांमध्ये ही दोन खाती वेगळी आहेत म्हणून हा साधा दुवा सुटतो.

आठवीनंतर तर पायाखालची जमीनच संपते. हंगामी वसतिगृहे बहुतांशी आठवीपर्यंतच. त्यानंतर चौदा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ एकटी ठेवायला आई धजत नाही. बरोबर न्यावी तर उघड्या माळावरच्या कोपीला दार नसते. मग लग्न. शिवाय लग्न केले की नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडीला वेगळी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले दिसले. ज्या आईने खाडा पडू नये म्हणून पिशवी काढली, तिचीच लेक सोळाव्या वर्षी शेजारच्या फडात कोयता धरते. याचा राग यायला हवा.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये आली. 41 तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी 82 वसतिगृहे, प्रत्येकी 100 जागा. पैशाची तरतूद ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे: कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये आणि तेवढेच शासनाचे. इतकी भक्कम तरतूद या कष्टकऱ्यांसाठी यापूर्वी कधीच नव्हती, म्हणून तर तिच्या अंमलबजावणीवर नजर हवी. मुलींचे वसतिगृह आधी भरा, नववी-दहावीच्या मुलींना पहिला प्राधान्यक्रम द्या.

आमच्या मागण्या फार नाहीत. उचलीच्या करारावर बाईचे नाव आणि तिच्या हिश्शाची मजुरी तिच्या खात्यात. पाळीच्या आणि आजारपणाच्या खाड्यावरचा दंड बंद, आणि तो बंद झाला का हे कारखान्याने मुकादमाच्या वहीत बघायचे. कारखान्याच्या गाडीतळावर आणि फडाजवळ पाणी आणि हलवता येणारे संडास. हार्वेस्टर येत आहेत हे खरे. एक यंत्र पन्नासेक कोयत्यांचे काम करते, पण त्याला चार-पाच फुटी सरी आणि मोठे रान लागते. लहान तुकड्यांत पुढची काही वर्षे कोयताच चालणार, आणि यंत्राने हटवलेल्या जोड्यांची बाकी मात्र त्यांच्याच डोक्यावर राहणार. ती कोण फेडणार, हे आत्ताच ठरवावे लागेल.

यंदा निदान एवढे व्हावे: हंगामी वसतिगृहाची मंजुरी गणपतीच्या आत, आणि घटस्थापनेला तिथली चूल पेटलेली. त्यासाठी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार ओळखपत्राची नोंद झालेल्या प्रत्येक कुटुंबातल्या मुलींची यादी ऑगस्टमध्येच शाळेकडे यायला हवी. गाडी दारात उभी राहिल्यावर यादी करायला घेतली, तर तोवर पोरगी ट्रॉलीत चढलेली असते.

आपले,
ऊसतोड कामगारांच्या मुलींसोबत काम करणारे काही शिक्षक, बीड जिल्हा