दादा, ते गाणं ऐकायला शिकवलंत त्याबद्दल थँक्यू

प्रिय दादा,

तुम्हाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवून भागणार नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. अमेरिकेत मेम्फिसमध्ये तुम्ही आणि वहिनींनी माझ्यासाठी बरंच केलंत, घर शोधून दिलंत, गाडी घेताना सोबत आलात, दर शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलंत, पण आज मला एकाच गोष्टीबद्दल आभार मानायचेत. तुम्ही मला अल ग्रीन या अमेरिकन सोल गायकाचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ ऐकवलंत, आणि नुसतं ऐकवलं नाहीत तर कसं ऐकायचं ते शिकवलंत.

तेव्हा माझी अवस्था तुम्हाला माहितीये. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ही नाशिकला, मी तिकडे प्रोजेक्टवर, इकडे रात्र असली की तिकडे सकाळ, मी झोपायला टेकणार तेव्हा तिची बँकेत निघायची घाई. फोनवर भांडण नाही व्हायचं पण बोलणंही नाही व्हायचं, जेवलीस का, जेवलास का, संपलं. असाच एका शुक्रवारी मी तुमच्याकडे तोंड पाडून बसलो होतो, तुम्ही काही विचारलं नाहीत, उठलात आणि रेकॉर्ड लावलीत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छान वाटलं, बस. मग तुम्ही सुई परत मागे ठेवलीत आणि म्हणालात, ‘आता गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नको, फक्त ड्रम ऐक.’ आणि खरं सांगतो दादा, तोपर्यंत मी आयुष्यात कुठल्याच गाण्याचा ड्रम असा ऐकला नव्हता. खणखणाट नाही, काही दाखवायची धडपड नाही, जाड, दबका, कोरडा ठोका, बाळाला थोपटतात ना तसा, आणि तो शेवटपर्यंत जागचा हलत नाही. तुम्ही सांगितलंत की हा अल जॅक्सन ज्युनियर, बुकर टी अँड द एमजीज या मेम्फिसच्या बँडवाला, आणि हे गाणं बांधणाऱ्या तिघांतला एक तोच, बाकीचे दोघे अल ग्रीन आणि त्याचे निर्माते विली मिचेल. तिसऱ्यांदा फक्त ऑर्गन. तो आधी मला सापडेचना, इतका खाली लपलेला, आणि एकदा सापडला की मग गाण्यातून बाहेर काढताच येत नाही. ऑर्गनवर चार्ल्स हॉजेस, बासवर लिरॉय हॉजेस, गिटारवर टीनी हॉजेस, तिघं सख्खे भाऊ. मला वाटतं म्हणूनच त्या गाण्यात कोणी कोणाच्या पुढे जात नाही, घरातली माणसं वाजवतायत हे कळतं.

आणि मग चौथ्यांदा आवाज. तुम्ही म्हणालात, हा माणूस आधी ओटिस रेडिंग, विल्सन पिकेट या सोल गायकांसारखा जोर लावून गायचा. विली मिचेल स्वतः ट्रम्पेट वाजवणारे, बँड चालवणारे, त्यांना टेक्सासमध्ये मिडलंडला हा पोरगा भेटला, त्यांनी त्याला मेम्फिसला बोलावलं आणि सांगत राहिले की हळू गा, जोर लावू नकोस, तुझ्यासारखा गा. त्याला ते पटायचं नाही, हा बारीक आवाज म्हणजे कमजोर आवाज असं त्याला वाटायचं. आणि नेमका तोच आवाज नोव्हेंबर १९७१ मध्ये सिंगल म्हणून बाहेर आला, फेब्रुवारी १९७२ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेला आणि आर अँड बी म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या चार्टवर तर नऊ आठवडे एक नंबरला बसून होता.

पण माझा जीव अडकलाय तो चार्टमध्ये नाही, मधल्या त्या जागेत. आधी सगळं चांगलंच चाललंय, तू म्हणशील ते मला मंजूर, सुख असो दुःख असो आपण बरोबर राहू वगैरे, आणि मग एकदम चाल जरा बदलते आणि तो विचारतो की माणसं का तुटतात, आणि मग परत फिरून एकत्र का येतात, मला हे कळतच नाही. आणि लगेच पुढे, तू माझ्याशी असं नाही ना करणार? तिथे तो भीक मागत नाही, रडतही नाही, पण आवाज किंचित हलतो. इतकं प्रेमाचं गाणं आणि त्याच्या बरोबर पोटात ही भीती. तुम्ही त्या जागेवर बोट वर केलंत, बोलला काही नाहीत. मी त्या रात्री घरी जाऊन हिला फोन लावला आणि पहिल्यांदा सांगितलं की मला इथे भीती वाटते, आपण असेच जेवलीस का करत राहू अशी भीती. ती गप्प झाली आणि म्हणाली मलाही वाटते. त्या दिवशी तिला बँकेत जायला उशीर झाला.

नंतर तुम्ही मला हे गाणं जिथे रेकॉर्ड झालं तो रॉयल स्टुडिओ बाहेरून दाखवायला नेलंत. साधी बैठी इमारत, नुसतं बघून कोणाला वाटणार नाही की काही आहे इथे. जुनं सिनेमा थिएटर होतं ते, म्हणून आतली जमीन अजून उतरती आहे, पडद्याच्या दिशेने खाली जाणारी, आणि तिथल्या आवाजात त्या उताराचाही वाटा आहे असं जाणकार म्हणतात. अल ग्रीनसाठी एक ठरलेला माइक होता, नऊ नंबरचा, हे तुम्ही तिथे फुटपाथवर उभं राहून असं सांगत होतात जसं कोणी आपल्या गावच्या देवळाची गोष्ट सांगतं. विली मिचेल २०१० मध्ये गेले, रस्त्याला आता त्यांचंच नाव आहे, आणि स्टुडिओ अजून त्यांच्या घरचीच माणसं चालवतात, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि रविवारी ते चर्च! फुल गॉस्पेल टॅबरनॅकल, ग्रेसलँडपासून जवळच. गर्दी सगळी एल्विसच्या घराकडे वळते आणि तुम्ही गाडी इकडे वळवलीत. १९७६ पासून अल ग्रीन तिथले पास्टर, त्या रविवारी ते नव्हते पण मला जराही कमी वाटलं नाही. ऑर्गन, ड्रम, बास आणि समोर गाणाऱ्या बायका, सगळं तेच, फक्त ज्याला हाक मारायची तो वेगळा. शेजारच्या आजींनी माझा हात धरून मला उभं केलं, टाळ्या कुठल्या ठोक्यावर द्यायच्या तेही दाखवलं. तेव्हा मला कळलं की त्या प्रेमाच्या गाण्यात इतका विश्वास कुठून येतो.

आता ही पण या गाण्याची माझ्याइतकीच झालीये. ओबामा जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये याची पहिली ओळ गायले होते ना, तो व्हिडिओ तिनेच मला शोधून पाठवला. टीना टर्नरने १९८३ मध्ये गायलेलं तिला जास्त आवडतं, तिचं म्हणणं की टीना मागत नाही, ती ठरवून सांगते. यावर आमचा वाद चालू आहे आणि चालू राहू दे. मला अजूनही मूळचंच लागतं, जेमतेम सव्वातीन मिनिटांचं, आणि ते संपत नाही, आवाज हळूहळू कमी होत जातो आणि ती माणसं पुढे वाजवतच असणार असं वाटत राहतं.

दादा, तुम्ही त्या शुक्रवारी मला समजावायला बसला असतात तर मी हो हो म्हणून घरी गेलो असतो. तुम्ही चार वेळा एकच गाणं लावलंत आणि चारही वेळा माझ्याबरोबर बसून ऐकलंत, तेही वहिनी आतून दोनदा जेवायला हाका मारत असताना. त्याचे आभार कसे मानायचे मला खरंच माहीत नाही, म्हणून एवढं सगळं लिहिलं.

डिसेंबरमध्ये येताय ना नक्की? रेकॉर्ड प्लेयर घेतलाय, नाशिकरोडहून घ्यायला मी येतो. येताना अल ग्रीनच्याच ‘आय एम स्टिल इन लव्ह विथ यू’ची एलपी आणा, ती इकडे मला कुठे मिळाली नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचाच,
शुक्रवारचा पाहुणा