बालपणीच्या जखमा वाहणाऱ्यांसाठी साहाय्याचे आवाहन

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातल्या व्यसनाची दहशत सोसलेल्या प्रौढांसाठी भायखळ्याच्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दर शनिवारी प्रार्थनागट भरतो. तेथे बायबलच्या स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे सावकाश वाचली जातात. १३ व्या स्तोत्रात ‘हे कुठवर चालणार’ या अर्थाचा प्रश्न देवाला चार वेळा केलेला आहे आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवापुढे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे पवित्र शास्त्रातच वाचल्यावर वर्षानुवर्षे गप्प बसवलेल्या माणसाला वाचा फुटते.

डोळे मिटून निःशब्द बसणे काहींना असह्य होते, म्हणून डोळे उघडे ठेवून, दाराजवळ बसून प्रार्थना करण्याची येथे मुभा आहे. ज्यांना जन्मदात्या बापानेच दुखावले, त्यांची जीभ प्रभूच्या प्रार्थनेतील ‘पित्या’ या पहिल्याच संबोधनापाशी अडखळते. तो शब्द त्यांनी उच्चारलाच पाहिजे, असा आग्रह आम्ही धरत नाही. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा पुढे करून क्षमेची घाई करण्याची चूक मंडळीने, आम्हीही, पूर्वी केलेली आहे.

तथापि प्रार्थना ही उपचाराची जागा घेत नाही. रात्री दचकून उठणे, स्पर्शाची धास्ती, स्वतःला इजा करण्याचे विचार यांसाठी प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि त्याचे शुल्क आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना, विशेषतः घरकाम करणाऱ्या भगिनींना, परवडत नाही. आपली देणगी याच शुल्कासाठी आणि विरार-कल्याणहून येणाऱ्यांच्या लोकलभाड्यासाठी वापरली जाईल. मराठीतून समुपदेशन करणाऱ्यांनी महिन्यातून एक शनिवार दिला, तर तेही आम्हांला देणगीइतकेच मोलाचे आहे.

गटात सांगितलेले बाहेर जात नाही. मात्र एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि तेथे मंडळीची अब्रू आड येऊ दिली जाणार नाही. संकटातील बालकांसाठी १०९८ व मानसिक आधारासाठी टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

देणगी रविवारच्या उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी व पावती अवश्य घ्यावी. लाभार्थ्यांची नावे मात्र कोणत्याही देणगीदारास सांगितली जाणार नाहीत.

आपली नम्र,
मंडळीची साहाय्य समिती