होडीबरोबर कॅमेराही वर

रत्नागिरी, २० मे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "महिन्यात दहा-बारा दिवस तुझं शूटिंगचं काम, मग उरलेले दिवस करतेस काय?" फोनवर याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून लिहिते. शिवाय ३१ मेपर्यंत तुमची होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर वर निघेल आणि त्याच सुमाराला मी सगळं सामान घेऊन मालवणला येते आहे. ते घरात कुठे आणि कसं राहायचं तेही आधी लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर आई ते तांदळाच्या डब्यात घालेल.

रापणीच्या मासेमारीचा हिशेब मी तुम्हाला काय सांगायचा! मासळी विकली की माणसांचे वाटे वेगळे, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. माझ्या बिलातही तेच असतं. एक ओळ कॅमेरा चालवणारीची, दुसरी सामानाची. कॅमेरा समोरच्याचा असेल तर मला पहिलीच ओळ मिळते. लग्नघरची माणसं दोन्ही आकडे एकत्र धरतात आणि "एका दिवसाचे एवढे?" म्हणतात. सामानाचा वाटा खायचा नसतो. त्यातून बॅटऱ्या, कार्डं, लेन्सची साफसफाई आणि चार-पाच वर्षांनी पुढचा कॅमेरा निघायचा असतो.

आता तो 'एक दिवस' म्हणजे काय ते बघा. लग्नाचंच घेऊ. आदल्या दिवशी चार बॅटऱ्या भरायच्या. एकीला अडीच तास आणि चार्जर दोन, म्हणजे पाच तास तिथेच गेले. कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायची, लॅपटॉपवर नाही, कारण कॅमेऱ्याला त्याच्या पद्धतीची फोल्डरं लागतात. दोन कॅमेरे असतील तर दोघांची घड्याळं सेकंदाला जुळवायची. ते राहिलं तर एडिट करणारा चार दिवस शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबर असतं.

हॉलवर दीड तास आधी पोचायचं, ते मुख्यतः दिव्यांसाठी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोब्बर दोन लुकलुकी येतात आणि उजेड सारखा राहतो. १/६० ठेवलं की चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. स्वस्त एलईडी माळांचं लुकलुकणं मात्र आणखी वेगळ्याच वेगाचं असतं. तिथे शटर थोडं थोडं हलवून पट्टे जातात का ते पडद्यावर बघत बसावं लागतं. ही पाहणी पाहुणे यायच्या आधीच उरकायची.

आवाज हा दुसरा भाग, आणि माझ्या मते चित्रापेक्षा महत्त्वाचा. चित्र जरा हललं तरी लोक बघतात, मंगलाष्टकं फाटलेली ऐकू आली तर घरचे माफ करत नाहीत. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतली की ती लाइन लेव्हलची असते, माइकपेक्षा कितीतरी जोरदार. कॅमेऱ्यावरचं बटण 'माइक'वर राहिलं तर सगळं फाटतं, आणि मागाहून ते दुरुस्त होत नाही. त्याच जागी माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण असतं, तेही बंद पाहिजे. मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण शेवटी वाजंत्री एकदम सुरू होते आणि आवाज उडी मारतो. वायर मिळाली तरी भटजींच्या उपरण्याला एक छोटा वायरलेस माइक लावायचाच. मिक्सरवाला ऐन वेळी चहाला जातो.

भटजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं की अंतरपाट आता जाणार, ही खूण. त्याआधी रेकॉर्डिंग सुरू, फोकस हाताने बांधलेला, आणि उभं राहायचं बाजूला, दोघांच्या मधोमध नाही. बाजूने दोन्ही चेहरे येतात, समोरून अक्षता टाकणाऱ्यांचे हात. अंतरपाट खाली जायला एखादा सेकंद लागतो आणि तो परत मागता येत नाही. म्हणून त्या अर्ध्या तासात माझा फोन लागला नाही तर आईने लगेच मावशीला फोन लावून "बाय उचलत नाही" असं सांगत बसू नये. अक्षता लेन्सच्या रिंगेतही जाऊन बसतात. त्या संध्याकाळी चिमट्याने काढायच्या.

रात्री घरी आलं की झोपायच्या आधी कॉपी. ४के मध्ये १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, तासाला ४५ जीबी भरतात. तीन तासांचं रेकॉर्डिंग, दोन कॅमेरे, म्हणजे २७० जीबी. सेकंदाला ९० एमबीच्या वेगाने एका डिस्कवर जायला पन्नास मिनिटं, मग तेच दुसऱ्या डिस्कवर. नंतर फाइली मधूनमधून उघडून बघायच्या. घरच्यांच्या हातात अंतिम व्हिडिओ पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. एडिट माझ्याकडे असेल तर पुढचे तीन-चार दिवस तिथे. आता दहा-बारा दिवसांना याने गुणा. जाळं शिवत बसलेला माणूस रिकामा बसलाय असं तुम्ही कधी म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

कार्तिकात दशावतार सुरू झाले की गणित बदलतं. धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत. जुन्या मिररलेस कॅमेऱ्यात २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की रेकॉर्डिंग आपसूक थांबतं आणि पुन्हा बटण दाबावं लागतं. नेमकं युद्धाच्या वेळी ते थांबलं तर नाटक कंपनीला काय सांगणार? अशा कामाला मोठा कॅमकॉर्डर भाड्याने घ्यायचा, भिंतीच्या विजेवर चालवायचा, जनरेटर बंद पडेल म्हणून मागे बॅटरी लावून ठेवायची, आणि साध्या एचडीत ५० एमबीपीएसवर घ्यायचं. सहा तासांचे १३५ जीबी होतात. एक्स्पोजर, म्हणजे चित्रातला उजेड, ऑटोवर ठेवायचा नाही. काळ्या वेशातला संकासुर समोर आला की कॅमेरा अंधार समजून उजेड वाढवतो, आणि बाकीच्यांचे रंगवलेले चेहरे पांढरेफटक होतात.

समुद्रावरचं काम लोकांना सोपं वाटतं. भर दुपारी किनाऱ्यावर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती तिखट ते) ८०० आणि शटर १/५० असताना लेन्सचं तोंड एफ ५.६ वर ठेवायचं तर सात स्टॉप, म्हणजे सात वेळा निम्मा निम्मा करत, उजेड अडवावा लागतो. त्याला लेन्सवर एनडी १२८ ची काळसर काच. ती नसेल तर सगळं आकाश पांढरं. होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. गुडघे वाकवून, कॅमेरा छातीशी धरून उभं राहायचं, ते तुमच्यासोबत लहानपणी शिकलेलं आहेच. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी. आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात व्यावसायिक शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागते, होडीवाल्याची ओळख तिथे चालत नाही. ड्रोन हिरव्या झोनमध्ये, म्हणजे जिथे वेगळी परवानगी लागत नाही तिथेसुद्धा, ४०० फुटांच्या वर न्यायचा नाही.

पैशांचं थोडक्यात. लग्नाचे निम्मे बुकिंगला, उरलेले व्हिडिओ देण्याआधी. कंपन्यांची बिलं उशिरा येतात, आणि त्यातून बहुतेकदा १० टक्के कर कापलेला असतो. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो, बुडत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, आहे म्हणून ४५ दिवसांच्या पुढे गेल्यास व्याज मागता येतं. मागतं कोण, हा प्रश्न वेगळा. पुढचं काम त्यांच्याकडूनच हवं असतं.

आता सामान. आई, हे नीट वाच.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसात ती भिंत घाम सोडते. चुलीच्या बाजूचंही नको. लेन्समध्ये बुरशी धरते ती हवेत ६० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो बहुतेक वेळ त्याच्या वरच असतो. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. वाढले की काचेवरचा लेप खातात, मग पुसून जात नाहीत.

रबरी कड असलेले, घट्ट बंद होणारे दोन प्लॅस्टिकचे डबे मी आणते आहे. प्रत्येकात पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रतेचं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० मध्ये पाहिजे. ३० च्या खाली गेला तर जेल थोडं कमी करायचं, रबर सुकतं. जेलचे दाणे केशरी असतात, ओले झाले की हिरवे होतात. हिरवे झाले की जुन्या ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन तास. नुसत्या उन्हाने ते पुरते सुकत नाहीत, आणि ऊन असणार तरी कुठे. तुझ्या स्वयंपाकाच्या कढईत ते भाजायचे नाहीत. तांदूळ नको, त्याने ओलावा फारसा ओढला जात नाही आणि कोंडा बटणांत शिरतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिक आणि काच दोन्ही बिघडवते.

बॅटऱ्या कॅमेऱ्यातून काढून, निम्म्या भरलेल्या ठेवायच्या. पूर्ण भरून चार महिने ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात. एखादी फुगलेली दिसली तर चार्जरला लावायची नाही, बाहेर पडवीत ठेवून मला सांगायचं. लाल पट्टीची डिस्क ही माझ्या सगळ्या कामांची तिसरी प्रत. ती तुमच्याकडेच राहील, इथली खोली गळली तरी काम वाचावं म्हणून.

बाबा, ट्रायपॉड तुमच्याकडे. वाळूत उभा राहिलेला असतो, म्हणून पायांचे सांधे सोडून बादलीभर गोड्या पाण्यात बुडवायचे, सावलीत वाळवायचे, मग बोटभर ग्रीस. इंजिनाला करता तेच. कॅमेऱ्याच्या अंगाला मात्र पाणी नाही. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. आधीच कोरड्याने पुसलं तर मिठाचे कण घासले जातात. काचेला हात लावायचा नाही, ती मी बघेन.

दर गुरुवारी लेन्समधून टॉर्च मारून धागे दिसतात का ते बघायचं. हेही बाबांकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून घरात त्यांनाच सगळ्यांत बारीक दिसतं.

तर माजघरातल्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा करून ठेव. सुकटीच्या बरण्या तिथून हलव, जास्तीची सुकट भरलीस तरी चालेल, पण त्या कपाटात नको.

तुमची,
बाय