ड्रायव्हरची लांबी उंची बघून ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोल्फवर अर्धं पान आलेलं बघून बरं वाटलं. मराठी पेपरात गोल्फ येतो तो बहुतेक जमिनीच्या वादात, खेळ म्हणून क्वचितच. पण ड्रायव्हरबद्दलचा, म्हणजे पहिला लांब फटका मारायच्या काठीबद्दलचा, ‘उंच माणसानं लांब ड्रायव्हर घ्यावा, दांडा लांब तर फटका लांब’ हा त्यातला सल्ला वाचला आणि गप्प बसवेना.

1983 साली, आठवीत असताना, मी चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडी झालो, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी पहिल्यांदा खांद्यावर घेतली. पुढची बावीस वर्षं दुसऱ्यांचे फटके बघण्यात आणि त्यांचे चेंडू झाडीत शोधण्यात गेली. मग गुडघा गेला. आता आठ बाय दहाच्या गाळ्यात बसून ग्रिप (दांड्याची मूठ) बदलतो, शाफ्ट (दांडा) बसवतो, दांडे कापतो. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहायचा हक्क मला आहे असं समजतो.

मी कॅडी झालो तेव्हा ड्रायव्हरचं डोकं, म्हणजे चेंडूवर बसतो तो भाग, लाकडाचं, साधारण मुठीएवढं, आणि दांडा स्टीलचा. लांबी 43 इंच. फटका कडेला बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मग ग्रॅफाइट आलं. स्टीलच्या शाफ्टचं वजन 120 ग्रॅमच्या आसपास, ग्रॅफाइटचं त्याच्या निम्मं. दांडा हलका झाला म्हणून कंपन्यांना तो लांबवता आला, आणि डोकं फुगत फुगत 460 घन सेंटीमीटरवर गेलं. त्यापुढे नियमच जाऊ देत नाही. आज दुकानात उभा असतो तो साडेपंचेचाळीस नाहीतर पावणेशेहेचाळीस इंची. गंमत बघा, अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांतल्या खेळाडूंच्या ड्रायव्हरची सरासरी मात्र साडेचव्वेचाळीस-पावणेपंचेचाळीसच्या घरात आहे. ज्यांचं पोट या फटक्यावर चालतं ते आखूड दांडा धरतात, आणि रविवारी सकाळी येणारे आमचे साहेब लोक लांब.

लांब दांड्यानं डोक्याचा वेग वाढतो, हे खोटं नाही. पण इंचामागे वाढतो तो ताशी एक-दोन मैल, तोही माणसाला दांडा आवरला तर. उलट चेंडू मध्यावरून सरकला की काय होतं ते बघा. डोकं ताशी 90 मैलांनी आलं आणि चेंडू बरोबर मध्यावर बसला, तर तो 135 मैलांच्या आसपास सुटतो. तोच टोकाकडे बसला आणि दीडपटीऐवजी 1.4 पट मिळाली, तर 126. एका मैलाला साधारण दोन यार्ड धरले तर अठरा यार्ड गेले. एवढे यार्ड कुठला जास्तीचा इंच भरून देणार? शिवाय डोक्याचं तोंड एक अंश वाकडं असलं तर 200 यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला जातो, चार अंशांना चौदा. त्यात स्लाइसचा, म्हणजे चेंडू हवेतच बाहेर वळतो त्याचा, बाक धरलेला नाही. चौदा यार्ड म्हणजे फेअरवेवरून, कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, थेट झाडांत. पावसाळ्यानंतर त्या गवतात चेंडू शोधायला कोण जातं, ते मला विचारा.

अमेरिकेचा गोल्फपटू फिल मिकलसननं 2021 मध्ये पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली ती 47.9 इंची ड्रायव्हरनं, हे मला ठाऊक आहे. नियमाची हद्द 48 इंच. पुढे 2022 पासून व्यावसायिक स्पर्धांना ती 46 वर आणायची मुभा मिळाली. पण मिकलसनला जे झेपतं ते मुलुंडच्या बँक मॅनेजरला झेपेलच असं नाही.

हे मॅनेजर खरे आहेत. दिवाळीनंतर माझ्याकडे आले ते मॉलमधल्या मोठ्या दुकानातून घेतलेला कोरा 46 इंची ड्रायव्हर घेऊन. उंची सहा फूट, म्हणून विक्रेत्यानं हाच दिला. “तीन महिने झाले, सरळ जातच नाही,” म्हणाले. मी त्यांना घेऊन सरावाच्या मैदानावर गेलो. केमिस्टकडे बुटात मारायच्या पावडरचा फवारा मिळतो, तो ड्रायव्हरच्या तोंडावर मारला आणि म्हटलं, दहा चेंडू मारा. पांढऱ्या पावडरीवर एकेक डाग उठत गेला. चार टोकाकडे, तीन दांड्याच्या बाजूला, एक पार वरच्या कडेला. मध्यावर फक्त दोन. मग तोंड पुसलं, पुन्हा फवारलं आणि त्यांना ग्रिप एक इंच खाली धरायला लावली. या वेळी दहांतल्या सात डागांचे मध्य दहाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ. साहेब म्हणाले, “पण वेग गेल्यासारखा वाटतो.” मी काही न बोलता 200 यार्डांच्या पाटीकडे बोट केलं. आधीच्या दहांतले तीन तिच्यापुढे गेले होते, या खेपेला सहा.

“मग दुकानात का नाही सांगितलं?” त्यांनी विचारलं. दुकानात चेंडू दहा फुटांवरच्या जाळीत अडतो. पुढे कुठे गेला असता ते पडद्यावर दिसतं, आणि पडद्यावरच्या दहांतला सगळ्यात लांबचा एक आकडा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसवला की बिल फाटतं. बाकीचे नऊ कोणी मोजत नाही.

आता उंचीचं. उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात. साडेपाच फुटी आणि सहा फुटी माणूस शेजारी उभे करा, हात सैल सोडायला सांगा आणि मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावा. उंचीत सहा इंचांचा फरक, पण मनगटाशी तो साधारण निम्म्यावर येतो. मापच घ्यायचं तर हे घ्या. तरी ती फक्त सुरुवात, खरा निकाल पावडर देते. कुणाचे डाग 46 इंचांवरही मध्यावर पडत असतील तर त्यानं दांड्याला हात लावू नये.

आणि हे वाचून कोणी लगेच करवत उचलू नये. ती चूक मी करून बसलोय. 2009 मध्ये एका गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर मी एका दमात दीड इंच कापला. आठ दिवसांत परत आले. “डोकं हाताला लागतच नाही रे, नुसती काठी फिरवल्यासारखं वाटतं.” अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हाताला जाणवणारा डोक्याचा भार, तीनेक पॉइंट उतरतं, एका पॉइंटला डोक्यावर दोन ग्रॅम लागतात, म्हणजे मी त्यांचे अठरा ग्रॅम खाल्ले होते. दांडाही कडक झाला होता तो वेगळाच. शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन भरलं, पण नव्या कोऱ्या डोक्याला ती ठिगळं बघून त्यांचा चेहरा उतरला. पैसे घेतले नाहीत मी. आता आधी ग्रिपवर पट्टी मारून देतो, महिनाभर तिच्याखाली धरून खेळायला सांगतो, आणि मगच अर्धा-अर्धा इंच कापतो. हल्लीच्या बऱ्याच ड्रायव्हरना तळाला वजनाचा स्क्रू असतो, तो जड घातला की ठिगळ लागत नाही.

मोजतानाही ड्रायव्हर आडवा धरून टेप लावू नका. तो चेंडूमागे ठेवतो तसा जमिनीवर टेकवायचा, दांडा जमिनीशी 60 अंशांत, आणि दांड्याची रेघ तळाशी जिथे जमिनीला मिळते तिथून ग्रिपच्या टोकापर्यंत मोजायचं. आडव्या टेपनं अर्ध्या इंचाचा घोळ सहज होतो.

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर आभारी राहीन.

आपला,
एक जुना कॅडी, चेंबूर

ता.क. लेखाबरोबरच्या फोटोतल्या खेळाडूच्या हातात ड्रायव्हर नाही, सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याची आखूड काठी आहे.