दशमांशाची वही आता कपाटात ठेवा

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

दोघांना प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

फोनवर बोलायला घेतलं की माझा गळा दाटतो आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून पत्र लिहितेय. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. घाई करू नकोस. मधे जिथे मी बाबांशी थोडं स्पष्ट बोलले आहे, तो भाग गाळू नकोस.

बाबा, गुरुवारी रात्री तुम्ही विचारलंत, "बाळा, माझं तारण झालंय ना गं? देवाने मला पापांतून सोडवलंय ना?" मी नाईटला होते, दोन पेशंटची सलाइन बदलायची होती. "असं काय विचारता बाबा, झोपा आता" म्हणून मी फोन ठेवला. ठेवायला नको होता. रात्रभर वॉर्डात औषधांची ट्रॉली ढकलताना तुमचा तो आवाज माझ्याबरोबर फिरत होता. ज्या माणसाने पस्तीस वर्षं रविवारशाळेत आम्हा पोरांकडून "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" हे पाठ करून घेतलं, न अडखळता म्हणणाऱ्याला पेन्सिल बक्षीस दिली, तोच माणूस रात्री अकरा वाजता मला हा प्रश्न विचारतो.

सकाळी आईला विचारलं तेव्हा तिने वहीचं सांगितलं. ती लाल कापडी बांधणीची, १९६८ पासूनची दशमांशाची, म्हणजे पगाराचा दहावा भाग देवाला दिल्याची वही. नोकरीच्या पहिल्या पगारापासून दर महिन्याचा आकडा, शेजारी तारीख, खाली तुमची सही. आई म्हणाली, "आजारी पडल्यापासून ती उशाशी घेऊन झोपतात. रात्री उठून बॅटरीच्या उजेडात पानं उलटतात. बहात्तरच्या पानावर आले की थांबतात." बहात्तरच्या दुष्काळातले ते अकरा महिने कोरे आहेत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्हीच दाखवले होते. त्या कोऱ्या रकान्यांत तुम्ही पेन्सिलने बारीक रेघा मारून ठेवल्या आहेत, नंतर भरून काढायचे म्हणून. ते भरले गेले नाहीत आणि आता पेन्शन औषधांतच जाते.

खरं सांगू? मी आधी तुमचं वकीलपत्र घेऊनच बसले होते. मनात सगळी यादी तयार होती. त्या अकरा महिन्यांत तुमच्या एका पगारावर घरातली नऊ तोंडं जगली. गाव खडी फोडायला जात होतं, रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी खात होतं, आणि तुम्ही शाळेतली सुकडी कधी घरी आणली नाहीत. शिवाय नंतरची इतकी वर्षं. देवळाचं छत गळायचं तेव्हा पत्रे कोणी चढवले? पाळकसाहेब नसतील त्या रविवारी शास्त्रपाठ कोणी केला? हे सगळं लिहायचं आणि म्हणायचं, बघा बाबा, जमेची बाजू केवढी मोठी आहे!

पण दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबला. कारण मग मीही तीच वही उघडून बसले असते. फक्त बेरीज तुमच्या बाजूने केली असती. उद्या रात्री पुन्हा जाग आली असती, तर तुम्हाला दुसरं एखादं कोरं पान सापडलंच असतं.

म्हणून दुसरंच काहीतरी आठवून देते. मी दहावीत होते. विहिरीसाठी आणि मोटारीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं होतं. कांद्याने दोन वर्षं दगा दिला आणि ते थकलं. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार'मध्ये सोसायटीचा बोजा चढलेला होता, आणि तुम्ही तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला होता. काका मिलिटरीतून निवृत्त होऊन आले. आले त्याच आठवड्यात, तुम्हाला न विचारता, ते सोसायटीत गेले आणि सगळी थकबाकी व्याजासकट भरून टाकली. बेबाकीचा दाखला तुमच्या हातात ठेवला. पुढे फेरफार मंजूर झाला त्या दिवशी तुम्ही तलाठ्याकडून नवा उतारा घेऊन आलात. मी अंगणात अभ्यास करत होते. तुम्ही खाली बसून मला बोट ठेवून दाखवलंत : बोजाच्या त्या ओळीला दोन्ही बाजूंनी कंस पडला होता आणि वर फेरफाराचा नंबर. "कंस पडला म्हणजे काय, बाबा?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आता ती ओळ दिसते, पण लागू होत नाही."

बाबा, कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. चौदावं वचन. पौल लिहितो की आपल्या विरुद्ध असलेला ऋणलेख ख्रिस्ताने खोडला, वधस्तंभाला खिळून टाकला. ऋणलेख म्हणजे आपल्या भाषेत कर्जाचा कागदच. मी ते वचन वाचते तेव्हा मला कालवरीच्या वधस्तंभाआधी आपलं अंगण दिसतं, आणि तुमचं त्या कंसावर टेकलेलं बोट. बहात्तरची ती कोरी ओळ दिसत राहील. माझ्या आयुष्यातल्याही काही ओळी मला दिसतात. पण त्या लागू होत नाहीत. दुसऱ्याने भरलं आहे, आणि पुरतं भरलं आहे.

तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा लगेच याकोबाचं पत्र काढाल, हे मला ठाऊक आहे. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. खरं आहे. पण बोजा उतरला म्हणून तुम्ही शेत पडीक टाकलंत का? उलट त्या वर्षी तुम्ही पहाटे चारला पाणी धरायला जायचात आणि येताना भजन म्हणत यायचात. आई साक्षीला आहे. पेरणी तुम्ही बोजा उतरवण्यासाठी केली नव्हती, तो आधीच उतरला होता. याकोब ज्या अब्राहामाचं उदाहरण देतो, त्याचंही असंच आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात तो नुसता विश्वास ठेवतो आणि देव त्याला नीतिमान गणतो. सुंता होते सतराव्यात, आणि आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवतो तो बाविसाव्यात. हा क्रम तुम्हीच मला फळ्यावर लिहून शिकवला होता. आता स्वतःच्या बाबतीत तो उलटा कशाला करता?

तुमची आजी केडगावच्या मुक्तिसदनात वाढली, १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी ती एक, हे तुम्ही किती अभिमानाने सांगता! त्या रमाबाईंचं एक मला गेले काही दिवस सारखं आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्या परत आल्या, शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं. आणि मग त्यांनी स्वतःच साक्ष दिली, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण तारणारा ख्रिस्त तेव्हा मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना उमगलं, की आपण आहोत तशा, रिकाम्या हाताने त्याच्याकडे जायचं आहे. संस्कृत शास्त्रांची एवढी पंडिता, पुराणं सांगत हिंदुस्थानभर पायी हिंडलेली, आणि तिला हे लहान मुलासारखं शिकावं लागलं. केडगावचं थोर काम त्यानंतरचं. मूळ इब्री-ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला त्या बसल्या, तेही त्यानंतर. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. एवढी वही कोणाची भरली असेल? पण त्यांनी ती उशाशी घेतली नाही.

आई म्हणते, तुम्हाला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं, की डावा हात उचलत नाही म्हणून प्रार्थनेला हात जोडता येत नाहीत, गुडघे टेकता येत नाहीत. बाबा, येशूच्या शेजारी वधस्तंभावर जो अपराधी होता, त्याला तरी हात जोडता आले का? ते खिळलेले होते. त्याचा बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, एक पैशाचा दशमांश नाही, चूक भरून काढायला पुढचा एक दिवस नाही. आपण आपल्या कर्माचं भोगतोय, हे त्याने कबूल केलं, आणि "येशू, माझी आठवण कर" एवढंच म्हटलं. त्याला उत्तर मिळालं ते त्याच दिवसाचं, "आज".

माझंही एक सांगायचं राहिलंय. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसऱ्या लाटेत, मी वॉर्डात जे पाहिलं त्यानंतर सात महिने मी प्रार्थना केली नाही. देवळात यायचे, गीतपुस्तक उघडायचे, ओठ हलवायचे. तुम्ही फोनवर "प्रार्थना करतेस ना?" विचारायचात आणि मी "हो" म्हणायचे. ते खोटं होतं. मला माफ करा. त्या दिवसांत मला मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाने धरून ठेवलं, ज्याच्या मुलाला आजार होता : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. एका श्वासात दोन्ही. आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही, विश्वास पुरता करून ये असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं. त्या दिवसापासून मला कळतं, की माझ्या विश्वासाची पकड किती घट्ट आहे यावर माझं काही अवलंबून नाही. तो ज्याच्यावर ठेवला आहे तो घट्ट आहे. माझ्या हातातून कोणी त्यांना हिसकावून घेणार नाही, असं येशूने आपल्या मेंढरांबद्दल सांगितलंय. लुळ्या हाताची मेंढरंही त्यात आली.

आई, तुला मी विसरले नाही. पहाटे सहाला तू मोबाइल स्पीकरवर लावतेस, तेविसावं स्तोत्र वाचतेस, मग बाबांची कूस बदलतेस, पाठीला पावडर लावतेस. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणता म्हणता मधेच "जरा इकडे वळा" म्हणतेस आणि पुन्हा पुढची ओळ धरतेस. मला फोनवर हे सगळं ऐकू येतं. विश्वासाने चालणं म्हणजे काय असतं, हे मी पाळकसाहेबांच्या उपदेशांइतकंच त्या आवाजातून शिकले. पण दुपारी दोन तास झोपत जा. शेजारच्या वहिनी बसतील, मी बोलले आहे त्यांच्याशी.

आता तो भाग, आई, जो गाळायचा नाही.

बाबा, बहात्तरचे महिने तुम्हाला रात्री उठवतात. पण बांधाच्या भांडणापासून काकांशी तुम्ही चौदा वर्षं बोललेला नाहीत, ते उठवत नाही का? दीड हात बांध सरकला म्हणून. चूक कोणाची, मला ठरवायचं नाही. त्यांचीही असेल. पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो दास आठवा. धन्याने त्याचे दहा हजार तालांत, म्हणजे डोंगराएवढं कर्ज, माफ केलं, आणि बाहेर पडल्यावर त्याने शंभर दीनारांच्या किरकोळ कर्जासाठी सोबत्याचा गळा धरला. ज्या माणसाने तुमचा बोजा एका शब्दाने न विचारता उतरवला, आणि भांडणात सुद्धा त्या पैशांचा उल्लेख एकदाही केला नाही, त्याच्याशी तुम्ही देवळाच्या दारात पाठ फिरवून उभे राहता. मी मुलगी आहे, असं लिहिताना हात कापतो. पण तुम्हीच शिकवलंत म्हणून लिहिते.

फोन केल्याने तुमचं तारण व्हायचं नाही. ते झालेलं आहे. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायची भाषा केली ती येशू त्याच्या घरी जेवायला आल्यावर, आधी नाही. तुमच्याही घरी तो केव्हाचा आला आहे. म्हणून फोन करा. काकांनाही आता साखर आहे, डोळ्यांना कमी दिसतं. काकू म्हणाल्या, ते दर रविवारी आपल्या घराकडे बघत जातात.

मी येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने येते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणि पाठीखाली घ्यायची हवेची गादी घेऊन येते. पाळकसाहेबांशी बोलले आहे, रविवारी उपासनेनंतर ते प्रभुभोजन घरी घेऊन येतील. कपाटाची किल्ली आईने काढून ठेवावी. वही आपण दोघं मिळून आत ठेवू, सातबाऱ्याच्या त्या उताऱ्याशेजारी. टाकायची नाही, तुमच्या सह्या आहेत त्यात.

आई, काकांचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये मीच घातलाय. 'धाकटे भाऊजी' म्हणून आहे, वरून तिसरा. बाबांच्या उजव्या कानाला लावून दे, डाव्याने त्यांना कमी ऐकू येतं.

तुमची,
ताई